शेणाचा वास

शहात्तर सालच्या पौषात विद्यापीठाची समिती शिरपूर जैनला येणार असं ठरलं, आणि त्याच दिवशी प्रयागबाईला कामावरून काढलं. कारण काय, तर तिच्या अंगाला वास येतो.

तीन वर्षं ती गोबरगॅसच्या प्रयोगावर शेण कालवत होती. रॉकेल महागलं तशी सरकारला शेणाची आठवण झाली होती, आणि विद्यापीठाच्या डॉक्टर देवेंद्रकुमारांना तीन वर्षांचं अनुदान मिळालं होतं. टाकी गावातल्या पानाबाई नावाच्या जैन बाईंच्या परसात बांधली, शेगडी त्यांच्या स्वयंपाकघरात. डॉक्टर महिन्यातून दोनदा जीपने येत, नाकाला रुमाल लावून टाकीकडे लांबूनच पाहत आणि प्रयागबाई सांगेल ते लिहून नेत. थंडीत गॅस निम्म्यावर आला, तेव्हा काळ्या मडक्यांतलं पाणी उन्हात तापवून त्यात शेण कालवायची युक्ती तिचीच. पेपरात फोटो आला तो मात्र मडकं हातात धरलेल्या डॉक्टरांचा.

तेही तिनं सोसलं असतं. सोसवलं नाही ते रिसोडचं. तिथल्या शेतकरी मेळाव्यात तिनं दिवसभर लोकांना शेण कालवून दाखवलं आणि परतताना जीपमध्ये चढायला गेली, तर डॉक्टर ड्रायव्हरला म्हणाले, "हरिसिंग, हिला नको घेऊस. शेणाचा वास येतो." शेवटची एसटी गेलेली. सात कोस ती पायी आली. टाचा फुटल्या त्या पंधरा दिवसांत भरून आल्या, पण ते बोलणं तिच्या काळजात तसंच सलत राहिलं.

आता तेच कारण सांगून तिला घरी बसवलं आणि तिच्या जागी डॉक्टरांचा मेहुणा आणला. प्रयागबाई भांडली नाही, रडली नाही. तिला एक गोष्ट ठाऊक होती. गॅसबरोबर नळीत ओल येते, थंडीत तिचं पाणी होतं आणि नळीच्या सखल जागी तुंबतं. ते काढायची तोटी गवंड्यानं नेमकी टाकीतली शेणाची मळी सांडते त्या खड्ड्यात बसवली होती, कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय ती लागत नसे. डॉक्टरांनी कधी विचारलं नव्हतं, तिनं कधी सांगितलं नव्हतं. आठ दिवस ती घरी बसून मनातल्या मनात म्हणत होती, तुंबू दे.

समितीचे अध्यक्ष पदमचंदजी म्हणजे निवृत्त इंजिनिअर, जैन धर्माचे पक्के. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही घेत नसत. डॉक्टरांनी मोठ्या हुशारीनं बेत आखला होता. अध्यक्षांनी पानाबाईंकडे याच गॅसवर शिजलेली मुगाची खिचडी दिवस असतानाच जेवायची आणि पुढच्या पाच वर्षांच्या अनुदानावर सही करायची. पानाबाईंनी घरातली चूल कधीच काढून टाकली होती. गोवऱ्यांत किडेमुंग्या जळतात हा त्यांच्या जिवाला घोर, म्हणून तर टाकीला त्यांनी परस दिलं होतं.

समिती आली तेव्हा टाकीचं लोखंडी टोपण गॅसनं पार वर उचललेलं. डॉक्टरांनी ते सगळ्यांना कौतुकानं दाखवलं. मग पानाबाईंनी काडी लावली. शेगडी दोनदा फुरफुरली आणि गप्प झाली. मेहुण्यानं अर्धी काड्यापेटी संपवली. अध्यक्ष पाटावर बसलेले, तांदूळ-डाळ धुऊन ठेवलेली आणि ऊन भिंतीवर चढत चाललेलं. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले की जुन्या बाईनं जाता जाता शेणात काहीतरी घातलं असणार.

प्रयागबाई परसाच्या गडग्यापाशीच उभी होती. ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगायचं तर तिला टाकी बुडवायची नव्हती. अनुदान थांबलं असतं तर टाकीही गंजली असती, आणि त्या टाकीवर तिचा पोटच्या पोरीएवढा जीव. तिला बुडवायचं होतं ते माणसाला.

पानाबाईंनी तिला आत बोलावलं. डॉक्टरांनी आवाज मऊ करून, कधी नव्हे ते अहोजाहो करत, काय बिघडलंय ते बघा म्हणून विनवलं.

"मी कायले पाहू? मी तं काढलेली बाई," ती म्हणाली. "तुमीच घाला हात. त्या खड्ड्यात तोटी हाये."

डॉक्टरांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा दोन पावलं मागे सरला. ऊन आता भिंतीच्या माथ्यावर गेलं होतं. शेवटी डॉक्टरांनी कोटाची बाही सारली आणि हात मळीत घातला.

"अजून खाली," प्रयागबाई म्हणाली. तोटी कोपराशीच होती हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं त्यांना खांद्यापर्यंत वाकवलं, हनुवटी मळीला टेकेस्तोवर. मग म्हणाली, "आता जरा वर."

तोटी फिरली तसं आठ दिवसांचं कुजकं पाणी त्यांच्या तोंडावर उडालं. आत पानाबाईंनी काडी ओढली आणि शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. खिचडी झाली, आणि किरणं असतानाच अध्यक्षांनी आचवलं.

हात पुसत त्यांनी डॉक्टरांना विचारलं, की ही तोटी किती दिवसांनी उघडायची असते. डॉक्टर खिशात रुमाल शोधू लागले.

"रोज," प्रयागबाई म्हणाली. "थंडीत दोनदा."

अध्यक्षांनी तिथेच कागद मागवला. प्रयोग पाच वर्षं चालू राहील, मात्र प्रमुख बदलावा आणि प्रयागबाईंना पगारावर ठेवावं, असं लिहून त्यांनी खाली सही केली.

समिती जीपकडे निघाली. डॉक्टर मागच्या सीटवर चढू लागले तसं अध्यक्षांनी नाकाला उपरणं लावलं आणि अंघोळ करून एसटीने या, असं त्यांना सांगितलं. हरिसिंगानं प्रयागबाईकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं.

धुरळा खाली बसल्यावर ती डॉक्टरांजवळ गेली.

"शेवटची एसटी गेली, साहेब," ती म्हणाली. "रिसोडवरून मी सात कोस पायी आली होती. मले पहाट झाली होती."