दोन बोटांचा उतार

मित्रांनो, मी एका गवंड्याची जुनी लेव्हल नळी आहे. खिळ्याला वेटोळे घालून लटकते, म्हणून घरी आलेली लहान मुले मला साप समजून पळतात. खरे तर मी बोटाएवढी जाड, पन्नास फूट लांब, साधी, आरपार दिसणारी प्लॅस्टिकची नळी. माझ्यात पाणी भरून दोन्ही टोके वर धरली की दोन्हीकडचे पाणी एकाच उंचीवर थांबते. मग मध्ये भिंत असो, कोपरा असो की म्हैस बांधलेली असो. मला एवढे एकच काम येते, पण ते चांगले येते.

हिरामण गवंड्याने मला नाशिकच्या दुकानातून आणले आणि खांद्यावर टाकून सायखेड्याला नेले. तिथली गोदाकाठची काळी माती मोठी लहरी. पाण्याने फुगते, उन्हाने फाटते. तिच्यावर घर उभारायचे तर पाया काटेकोर हवा. हिरामण माझ्यातले पाणी पाहून गेरूने खूण करी आणि सगळ्यांना सांगे, "मी चुकंन, नळी नाय चुकायची." हे ऐकून मला फार बरे वाटे, खोटे कशाला बोलू?

कारभारी नावाच्या गृहस्थांचे घर मला अजून आठवते. त्यांची बायको लंकाबाई तेव्हा पहिल्या बाळंतपणाला देवळाली कॅम्पला माहेरी गेली होती. घराचे जोते आम्ही चारही कोपऱ्यांना एका पातळीत घेतले. पण फरशी घालायच्या दिवशी कारभारी म्हणाले, "हिरामण, फरशीला ईशान्येकडं दोन बोटं उतार दे. घराला चांगलं असतं म्हणत्यात." आमच्याकडे असा उतार पुष्कळ जण मागतात. हिरामणने तो दिला. कोणी कुठे लिहून ठेवले नाही, कारण कारभारींना ठाऊक होते आणि हिरामणला ठाऊक होते. कारभारी आता नाहीत.

पुढे लेसरची यंत्रे आली आणि हिरामणचे गुडघेही दुखू लागले. मी पडवीत उन्हात लटकत राहिले आणि पिवळी पडले. घरातले कधी माझ्याने गाय धूत, कधी टाकीतले पाणी ओढत. आत शेवाळ धरले. मला राग आला नाही असे मी म्हणणार नाही.

मग यंदा दिवाळीनंतर लंकाबाईंच्या घराच्या मधल्या भिंतीला तिरकी भेग पडली. त्यांची मुलगी तेजस्विनी आता नाशिकला इंजिनिअर आहे. ती यंत्र घेऊन आली, फरशीवर तीस ठिकाणी उंची मोजली आणि पायाचा नकाशा काढायला तीन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. मग तिने खोदकामासाठी हिरामणला बोलावले. सवयीने त्याने मलाही खांद्यावर घेतले, म्हणून पुढचे सारे मी पाहिले.

तेजस्विनीने कॉम्प्युटर ओट्यावर ठेवला. "काका, पहिलं सॉफ्टवेअर डोंगर आणि धरणांसाठीचं आहे, तीस आकड्यांवर ते चालेना. दुसरं दोन वेळच्या उंच्या एकमेकींतून वजा करून नुसत्या करड्या रेघांत दाखवतं, पण जुन्या उंच्या आपल्याकडे नाहीत. म्हणून हे तिसरं घेतलं. बघा, किती स्पष्ट आहे."

चित्र खरेच देखणे होते. उंच भाग लाल, खोल भाग निळा, आणि ईशान्येचा कोपरा निळाशार.

"हाच कोपरा खचलाय. इथे पायाखालची माती काढून काँक्रीट भरायचं."

हिरामणने त्या निळ्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "पोरी, ह्यो कोपरा खचला नाय. तुझ्या बापानं फरशीला उतार मागितला व्हता."

"त्याचा काही कागद?"

"कागद नाय. जोतं मोज. ते आम्ही सपाट घेतलंय."

घर पडायच्या भीतीने लंकाबाईंनी भांडी आधीच पोत्यांत बांधली होती. त्यांनी विचारले, "भाऊ, कोपरा चांगला असून खणला तर?"

"तर मग खरंच बसंल, वहिनी. घर लय दिवस नाय टिकायचं."

यंत्राची रेघ घराच्या कोपऱ्याआड जाईना, म्हणून माझ्यात पाणी भरून मला जोत्याच्या कडेला लावले. आणि मित्रांनो, सांगायला लाज वाटते, मी ईशान्य कोपरा दोन बोटे खाली दाखवला. हिरामणचा चेहरा उतरला. "म्हातारपणी मीच इसरलो असंन," तो पुटपुटला. तेजस्विनीने कुदळवाल्यांना हाक मारली. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की माझ्या पोटात हवा अडकली आहे, म्हणून पाणी खोटी पातळी दाखवते आहे. पण नळीला तोंडे दोन असली तरी वाचा नसते.

तेवढ्यात लंकाबाईंनी मला उन्हाकडे धरले. "भाऊ, ह्या शेवाळात बुडबुडा दिसतोय बघा."

सारे थांबले. हिरामणने मला रिकामे केले, काठीला चिंधी बांधून दोन्ही तोंडे पुसली आणि बाकीची नळी पाण्याच्या जोराने खंगाळली. लंकाबाईंनी नव्या पाण्यात चिमूटभर नीळ टाकली. आता तीन कोपरे एका पातळीत आले, ईशान्यही. आग्नेयेचा कोपरा मात्र सोळा मिलिमीटर खाली निघाला. तिथे खणले तर मोरीचा पाइप फुटलेला होता आणि पाणी थेट पायाखाली मुरत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी देणार होतो आम्ही.

तेजस्विनीने मग ते दुसरे, करड्या रेघांचे सॉफ्टवेअर उघडले. मूळचा उतार हिरामणला विचारून जुना नकाशा म्हणून भरला आणि आजच्या उंचीतून तो वजा केला. ईशान्य कोरी राहिली, आग्नेय काळवंडली. "मी रंगांना भुलले, काका," ती म्हणाली. "मूळचं घर कसं होतं, ते विचारलंच नाही."

पाइप बदलला. त्यानंतर दर महिन्याला ती माझ्याने जोते मोजते. तिसऱ्या खेपेलाही सोळाचे सतरा झाले नाहीत, तेव्हा लंकाबाईंनी पोती सोडून भांडी मांडली.

मित्रांनो, जुने हत्यार जपायचे असेल तर धुऊन, पुसून, सावलीत ठेवा. मळलेले हत्यार खऱ्या माणसालाही खोटे पाडते. आणि जे कराल ते लिहून ठेवा. मी आता लंकाबाईंच्याच दाराआड लटकते. माझ्या वरच्या भिंतीवर तेजस्विनीने रंगाने लिहिले आहे: "फरशीला ईशान्येकडे दोन बोटं उतार. मी जन्मले त्या महिन्यात बाबांनी मागून घेतला."