पाणी गढूळ दिसतंय

"सहावा," असं स्वतःशीच म्हणत मासेकाकांनी मेलेला मासा जाळीतून काढला, कागदात गुंडाळला आणि खिशात टाकला. मुलांच्या दवाखान्यात मेलेलं काही कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही, हा त्यांचा अठरा वर्षांचा शिरस्ता. पण एका आठवड्यात सहा कधीच गेले नव्हते.

टाकी चांगली पाच फुटी, बाहेरच्या खोलीत, जिथे पोरं आपल्या पाळीची वाट बघत बसतात तिथे. सुईच्या धास्तीने भोकाड पसरलेलं पोरसुद्धा तिच्या काचेला नाक लावलं की गप्प व्हायचं. मासेकाका रोज सकाळी येत आणि आधी हात मागे बांधून दहा मिनिटं नुसते उभे राहत. खायला पहिला कोण येतो, कोपरा धरून कोण बसतो, पंख अंगाशी आवळून कोण फिरतो, दगडाला अंग कोण घासतो, हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघत. मासा दुखतंय म्हणून ओरडत नाही, तो वेगळा वागायला लागतो, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून ऐकवत. नर्सना ते व्याख्यान पाठ झालं होतं.

आता उरलेले सगळे मासे पाण्याच्या वरच्या अंगाला येऊन तोंडाची उघडझाप करत होते. त्यांत म्हाताराही होता. शेपटीला खाच असलेला तो सोनेरी मासा चौदा वर्षांचा होता आणि मासेकाकांच्या बोटातून दाणा घ्यायचा. त्याला असा तडफडताना बघून त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता.

करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. पाणी सारखं गढूळ दिसत होतं, म्हणून त्यांनी ते रोज बदललं, काचा घासल्या, फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून अगदी पांढरा होईतो पिळला. तरी गढूळपणा हटेना आणि मासे मरायचे थांबेनात. आजारी मुलांसमोर हे बरं दिसत नाही, सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर टाकी काढू, असं व्यवस्थापकांनी कालच सांगितलं होतं. तेही गोड बोलून. त्यामुळे मासेकाकांना धड भांडताही आलं नाही.

फरशी पुसणाऱ्या मावशी टाकीपाशी आल्या.

"मावशी, जरा सरका. परत पाणी बदलतो. बघा ना, काय गढूळ झालंय."

मावशींनी वाकून पाहिलं. "गढूळ कुठंय? मला तर टाकीतून पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ दिसतंय, काका. पावणेदहा झालेत."

मासेकाकांनी टाकीतून पाहिलं. घड्याळ दिसेना. मग ते टाकीला वळसा घालून पलीकडे गेले आणि सरळ भिंतीकडे पाहू लागले. मध्ये ना काच होती, ना पाणी. घड्याळ तिथेही गढूळच होतं.

ते बाकावर बसले. डोळ्याची नस सुकत चालली आहे, गेलेली नजर परत यायची नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. औषधाची बाटली त्यांनी बायकोपासूनसुद्धा लपवली होती. स्पंज नळाखाली कधी धुवायचा नाही, त्याच्या मळातच पाणी निर्मळ ठेवणारे सूक्ष्म जीव राहतात, हे गावभर सांगत फिरणारा माणूस. आणि त्यानेच आपल्या डोळ्यांतलं धुकं पाण्यावर ढकलून तो मळ पुन्हा पुन्हा धुऊन टाकला होता.

"मीच मारले," ते म्हणाले.

असं बोलू नका वगैरे मावशी काही म्हणाल्या नाहीत. आता काय करायचं, एवढंच त्यांनी विचारलं.

मासेकाका घरी गेले, स्वतःच्या छोट्या टाकीतला वर्षभराचा मळका स्पंज ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले आणि फिल्टरमध्ये बसवला. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून भरून ठेवलेलं शिळं पाणी थोडं थोडं घातलं, दाणे बंद केले. मग उरलं नुसतं बघणं, आणि नेमकं तेच होत नव्हतं. शेवटी त्यांनी मावशींनाच गळ घातली. दिसेल तेच सांगायचं, मला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही, अशी अट घातली. तीन पोरं वाढवलीत, रुसलेलं कुठलं आणि दुखणाईत कुठलं ते मला कळतं, असं म्हणून मावशी दोन दिवस कामातून वेळ काढून काचेसमोर उभ्या राहिल्या.

सोमवारी सकाळी मासेकाका हात मागे बांधून टाकीपाशी उभे होते.

"वर कोण आहे?"

"कुणीच नाही. मधे फिरतायत. पंख उघडे आहेत सगळ्यांचे."

"म्हातारा?"

मावशी काचेशी वाकल्या. "तळाशी आहे. आडवा. कल्ला हलत नाही."

मासेकाकांनी बाही सारून हात पाण्यात घातला. अंगठ्याला शेपटीची खाच लागली. त्यांनी त्याला अलगद वर काढलं, कागदात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. खिसा जड झाला.

तेवढ्यात व्यवस्थापक आले आणि टाकी कशी आहे म्हणून नेहमीसारखं त्यांनाच विचारू लागले.

मासेकाकांनी जाळी मावशींच्या हातात दिली.

"मला आता दिसत नाही, साहेब," ते म्हणाले. "यांना विचारा."

आणि खिशावर हात ठेवून ते काचेपासून दोन पावलं मागे सरकले.