उजव्या पायावरची पट्टी

तेरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल संघ आज निवडायचा होता. मुली तीस, जागा सोळा. भिंगरीची आई मैदानाची जाळी दोन्ही हातांनी धरून उभी होती.

गेल्या वर्षी याच मैदानावर भिंगरीचं नाव वाचलं गेलं नव्हतं. पुढे आठवडाभर पोरगी ताटाकडे नुसती बघत बसायची. संघाच्या प्रशिक्षक, ज्यांना सगळ्या मुली ताई म्हणायच्या, तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या की पळते छान, पण डावा पाय नुसता उभं राहायला ठेवलाय.

आईने ते मनाला लावून घेतलं. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची. लहान मुलाचा एक डोळा आळशी असला की चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात, मग आळशी डोळा झक मारत कामाला लागतो, हे ती कॉलेजात शिकली होती आणि दुकानात रोज बघत होती. पायाला वेगळा कायदा कशाला? भिंगरीच्या डाव्या पायात बूट आला आणि उजव्या पायात बाबांची ढगळ चप्पल. त्या पायाने मारायला गेलं की चेंडूआधी चप्पलच उडायची. इमारतीमागच्या भिंतीवर रोज संध्याकाळी दोनशे फटके, सगळे डाव्याने.

पोरीला खेळाडू करतेयस की बगळा, असं बाबांनी विचारून पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी धपधप आवाजाची तक्रार केली, तेव्हा आईने त्यांच्या चष्म्याची काडी फुकट बसवून दिली. पहिले दोन महिने चेंडू भिंतीवर कमी आणि गाड्यांखाली जास्त गेला. भिंगरीच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. ती रडली, आईशी दोन दिवस बोलली नाही, तरी संध्याकाळ झाली की चेंडू काखेत मारून खाली जायची. आठ महिन्यांनी खडूने आखलेल्या चौकटीत दहापैकी आठ फटके बसायला लागले. एकदा उजव्याने मारू का गं, असं तिने मध्ये दोनदा विचारलं होतं. आईने दोन्ही वेळा मानेनेच नाही म्हटलं होतं.

आज खेळ सुरू झाला आणि भिंगरीने डाव्या पायाने असा लांब पास दिला की ताईंनी वहीतून मान वर काढली. आईच्या जिवात जीव आला. फार वेळ काही तो टिकला नाही. थोड्याच वेळात चेंडू घरंगळत भिंगरीच्या उजव्या पायासमोर आला. समोर गोल मोकळा, गोलकीपर पार दुसऱ्या टोकाला. गेल्या वर्षीच्या भिंगरीने तो झोपेत मारला असता. आजची अडखळली, चेंडूला वळसा घालून डाव्या पायावर आली, आणि तेवढ्यात एका उंच मुलीने तो काढून नेला. भिंगरीने ताईंकडे पाहिलं नाही. जाळीकडे पाहिलं.

पाच मिनिटांनी पुन्हा तेच. उजवा पाय दुखतोय का हो तिचा, असं शेजारच्या बाईंनी काळजीने विचारलं.

आईने जाळी सोडली. पट्टी फार दिवस ठेवली तर चांगला डोळाही मंदावतो. हे ती दुकानात आलेल्या प्रत्येक आईबापाला बजावून सांगायची, पुढच्या तपासणीची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यायची. स्वतःच्या पोरीला मात्र तिने तारीखच दिली नव्हती.

मध्यंतराची शिट्टी झाली. पालकांनी आत यायचं नाही अशी पाटी फाटकावर होती. ती पाटीखालूनच आत गेली आणि ताईंसमोर उभी राहून चप्पल, भिंत, पट्टी, सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. चूक माझी आहे, तिची नाही, असंही म्हणाली.

"मला कशाला सांगताय?" ताई म्हणाल्या. "तिला सांगा."

भिंगरी गवतावर बसून पाणी पीत होती. आई तिच्यासमोर उकिडवी बसली.

"उजव्याने मार आता."

"आता? मग मगाशी का नाही सांगितलंस?"

"मगाशी माझ्या लक्षात आलं नव्हतं."

"आणि चुकला तर?"

चुकणार नाही, हे आईच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "चुकू दे."

भिंगरीने बाटलीचं झाकण लावलं. "मग तू बघू नकोस. तू दिसलीस की मला ती चप्पल आठवते."

दुसरा अर्धा भाग आईने फाटकाबाहेर, सायकलींच्या रांगेपाशी, मैदानाकडे पाठ करून काढला. मागून आरडाओरडा यायचा आणि विरून जायचा. कोण पडलं, कोणी मारला, काही कळेना. एका सायकलीची घंटी ती उगाच अंगठ्याने पुसत राहिली.

भिंगरी आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. उजव्याने तीन मारले, ती म्हणाली. एक रस्त्यावर गेला, एक गोलकीपरच्या हातात, एक खांबाला लागला. नावं पंधराच वाचली. त्यात ती नव्हती. आईने तिचा खांदा धरला.

"थांब गं. सोळाव्या जागेसाठी मला आणि आणखी एकीला महिनाभर सरावाला बोलावलंय. मग ठरवणार."

महिना म्हणजे तीस संध्याकाळी, दोन्ही पायांना शंभर-शंभर. आईच्या डोक्यात हिशेब सुरू झालाच.

"भिंतीपाशी मी एकटी जाणार," भिंगरी म्हणाली.

"जा."

"खिडकीतून पण बघायचं नाही."

"नाही बघणार," आई म्हणाली, आणि उद्याची संध्याकाळ कुठल्या खोलीत बसून काढायची याच्या विचारात पडली.