शिशातली चांदी

कमलेश शेठनं फोन करून दक्षताला आपल्या सराफी पेढीवर बोलावलं तेव्हा तिला वाटलं, लग्नसराईचा माल वाढला असेल, भट्टी जास्त लावायला सांगणार. ती स्कूटर काढून लगेच निघाली. पण शेठनं नेहमीसारखा चहा मागवला नाही. गल्ल्यामागच्या कप्प्यातून त्यानं चांदीची एक लगड काढली आणि तिच्यासमोर ठेवली. लगड मधोमध चिरली होती.

"ही तुमचीच," तो म्हणाला. "कारागिरानं तार ओढायला घेतली, तर वीतभर ओढली की तुटते. हे पैंजण बघ. गिऱ्हाइकाच्या पोरीच्या पायात दुसऱ्या दिवशी कडी तुटली."

"टंच काढला?"

"काढला. शुद्धता कमी भरली, शिसं राहिलंय आत." शेठ आवाज न चढवता बोलत होता, आणि तेच दक्षताला जड गेलं. "धाकूदादाच्या हातचा माल मी आजवर न तपासता घेतला. माझ्या वडिलांनी पण तसाच घेतला. काय झालंय?"

"बघते," दक्षता म्हणाली.

कल्याणच्या खाडीकाठी कोळ्यांची जी जुनी वस्ती आहे, तिच्या अगदी टोकाला दक्षताच्या बापाचं, धाकूचं घर आणि घराला चिकटून पत्र्याची शेड. दक्षताचा आजा त्या शेडमध्ये शिसं वितळवून जाळ्याला लावायचे मणी ओतायचा. सगळ्या वस्तीची जाळी त्याच्या मण्यांनी बुडायची. पुढे खाडीत मासळी कमी झाली, जाळी कमी झाली, मणी कोण घेणार? धाकू तेव्हा तरुण होता. सोनारांच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातून चांदी काढणारा एक झारेकरी त्याच्याकडे शिसं न्यायला यायचा. त्याच्या मागे मागे राहून धाकूनं ती विद्या उचलली.

विद्या तशी सरळ होती. सोनाराच्या दुकानातला केर, कानसून पडलेली भुकटी, काळे पडलेले तुकडे हे सगळं जाळून शिशाबरोबर वितळवायचं. चांदी शिशात उतरते, बाकीची घाण वर तरंगते. मग हाडांच्या राखेची जाड वाटी करून त्यात ते शिसं ठेवायचं, जाळ मोठा करायचा आणि वरून वारा सोडायचा. शिसं थोडं राखेत जिरतं, थोडं धुरावाटे जातं. रस आटत आला की त्याच्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग पळू लागतात. एका क्षणी ते रंग थांबतात आणि वाटीच्या तळाशी शुद्ध चांदी लख्ख चमकते. धाकू त्याला 'डोला उघडला', म्हणजे डोळा उघडला, म्हणायचा. त्याआधी वाटी काढली तर शिसं राहतं, नंतर उशीर केला तर चांदीही थोडी जाते. सगळा धंदा त्या एका क्षणावर उभा होता आणि धाकू तो कधी चुकला नव्हता.

दक्षतानं बी.कॉम. केलं, दोन वर्षं ठाण्यात एका कंपनीत नोकरी केली आणि मग शेडचा कारभार हातात घेतला. शिसं कुठून आणायचं, कुठल्या सोनाराचा केर चांगला, माल कुणाला द्यायचा, हे ती बघायची. भट्टीपाशी मात्र धाकू आणि त्याच्या हाताखाली शिवराम.

पेढीवरून आल्यावर ती बापाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी लागली तेव्हा शेडच्या दारात जाऊन उभी राहिली. धाकू पाटावर बसून वाटीकडे टक लावून बघत होता. रंग पळत होते. निळा, मग पिवळा, परत निळा.

"उघडला," धाकू म्हणाला आणि त्यानं सांडशी उचलली.

"बाबा, थांब. रंग पळतायत अजून."

"कुठं पलतान? माझं डोलं फुटलं नाय अजून."

"शिवराम, तूच सांग."

शिवराम खाली बघत राहिला. त्यालाही दिसत होतं, हे दक्षताला कळलं. धाकूनं वाटी सांडशीत धरून उचलली आणि तेवढ्यात त्याचा उजवा हात मनगटातून लोंबला. एखाद्यानं मागून दोरी सोडावी तसा. वाटी खाली पडली, तापलेला रस जमिनीवर पसरला. शिवरामनं उडी मारून धाकूला मागे खेचलं म्हणून पाय वाचले.

"हात ढिला परला जरासा," धाकू म्हणाला. "वय जालं."

त्याचं वय साठीच्या आतलं होतं.

ठाण्याला डॉक्टर मेघना म्हणून होत्या, नसांच्या डॉक्टर. त्यांनी धाकूला दोन्ही हात पुढे करून बोटं वर उचलायला सांगितली. उजव्या हाताची उचलली जाईनात. त्यांनी हिरड्या बघितल्या, पोट दुखतं का विचारलं. धाकू नाही म्हणाला. चंद्रभागा, दक्षताची आई, शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "खोटं बोलतान. राती पोट धरून बसतान."

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

दक्षतानं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं," त्या म्हणाल्या. "भट्टीवर काम करणाऱ्याचंही."

रिपोर्ट आले. धाकूच्या रक्तात शिसं इतकं होतं की त्याला भरती करून औषध द्यावं लागणार होतं. शिवरामचं त्याच्याहून कमी, पण वाईटच. दक्षताचं वाढलेलं. डॉक्टरांना नवल वाटलं ते चंद्रभागेच्या आकड्याचं. "ह्या भट्टीजवळ जातात?"

"पाय पण ठेवत नाही ती," दक्षता म्हणाली.

"मग हे कुठून येतंय? घरात, अंगणात काय असतं?"

दक्षता उत्तर द्यायला गेली आणि थांबली. अंगणात, शेडच्या पत्र्याखालीच, चंद्रभागा जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, सुकत घालायची. धूर त्याच्यावरूनच जायचा. सुकलेला जवळा घरात खाल्ला जायचा आणि पाट्यांनी वस्तीतल्या बायकांना विकला जायचा.

चंद्रभागेलाही ते त्याच वेळी कळलं असावं. घरी आल्यावर तिनं पदर खोचला, अंगणातला सगळा जवळा गोणीत भरला, माळ्यावरचे डबे खाली काढले, तेही त्यात ओतले. दक्षता मदतीला गेली तर तिनं हात झटकला. मग तोंड धुऊन ती बाहेर निघाली.

"आये, कुठं चाललीस?"

"सांगाला."

"अगं, थांब. आधी आपण नीट विचारू डॉक्टरांना. लोक काय म्हणतील? धंदा बसेल."

"मी विकलाय तो जवला," चंद्रभागा म्हणाली. "लोकांनी माझ्या तोंडाकडं बघून घेतलाय."

ती प्रत्येक घरी गेली. ज्या घरी दार बंद होतं तिथे परत गेली. काही बायकांनी हसून सोडून दिलं, म्हणाल्या, इतकी वर्षं खातोय, काय होतंय. शिवानी मात्र हसली नाही. ती तीन घरं सोडून राहायची, दक्षताच्या शाळेतली मैत्रीण. तिची चार वर्षांची मुलगी गेले काही महिने जेवत नव्हती, चिडचिड करायची. शिवानीनं तिला तपासायला नेलं. मुलीच्या रक्तात शिसं निघालं. त्या संध्याकाळी शिवानी धाकूच्या दारात आली, आत आली नाही. "तुमचा धूर माझ्या पोरीच्या पोटात गेला," एवढंच म्हणाली आणि गेली.

दक्षतानं दुसऱ्या दिवशी भट्टी बंद केली.

धाकू खवळला. "बंद करून खाशील काय? माझा बा ह्याच धुरान बसायचा. काय जालं त्याला?"

"पन्नाशीत गेला तो," चंद्रभागा आतून म्हणाली. "हात थरथरायचे. जेवण भरवायला लागायचं. मीच भरवायची."

धाकूला तरी पटलं नाही. दक्षताला हेही ठाऊक होतं की धंदा नुसता बंद करणं तिला परवडणारं नाही. शिवरामचं घर त्यावर चालत होतं, बाबाचं औषधही त्यातूनच होणार होतं. आणि खरं सांगायचं तर तिला तो धंदा आवडत होता. काळ्या केरातून चांदी निघते, हे बघण्यात तिला लहानपणापासून मजा वाटायची.

कमलेश शेठनं तिला ठाकुर्लीच्या अपूर्वचा नंबर दिला. अपूर्व कारखान्यांना धूर ओढणारी यंत्रं बसवून द्यायचा. तो शेड बघायला आला, नाकाला रुमाल लावून बाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "इथे काहीही बसवलं तरी उपयोग नाही. वस्तीत हे चालायलाच नको. एमआयडीसीत गाळा घ्या, परवानगी काढा, मग मी बसवतो."

धाकू ओटीवर बसून ऐकत होता. "येवढं कशाला? धूर तो धूर. वर जातो."

"काका, तो नुसता धूर नाही. तुमचं शिसं जातं त्यातून," अपूर्व म्हणाला. "दोन-अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात शिशाच्या खाणी होत्या ना, ते लोक असंच करायचे. खाणीतल्या शिशात थोडी चांदी असायची, ती अशीच जाळून काढायचे. चांदीवर मोठे झाले ते. पण धुरानं कुरणातली गुरं मरायला लागली. मग त्यांनी भट्टीपासून डोंगराच्या माथ्यापर्यंत लांबच लांब दगडी बोगदे बांधले, धूर त्यातून न्यायचा. धूर गार झाला की बोगद्याच्या भिंतीला काजळी धरायची. ती खरवडून परत वितळवली की शिसं हातात."

धाकूनं पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "येवढं निघायचं?"

"भरपूर. बोगद्याचा खर्च निघायचा त्यातून."

धाकूनं विचार केला. इतकी वर्षं पत्र्याच्या फटीतून किती माल उडून गेला असेल, याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालला असावा. मग त्यानं विचारलं, "खरवरायचा कोन?"

"मजूर. बोगद्यात आत शिरून." अपूर्व जरा अडखळला. "बरेच आजारी पडायचे. लवकर जायचे."

धाकू आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला. डाव्या हातानं त्यानं तो उचलून मांडीवर नीट ठेवला. "तुज्या यंत्रान कोनाला आत शिरावं लागतं?"

"नाही. पिशव्यांमध्ये काजळी अडकते. पिशवी बंद करून बाहेर काढायची, बस्स."

"मग घे गाला," धाकू दक्षताला म्हणाला आणि उठून आत गेला.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत गाळा मिळायला, परवानगी हाती पडायला पावसाळा संपला. तोवर धाकूला कळव्याच्या हॉस्पिटलात ठेवून औषध देऊन झालं होतं. पोट दुखायचं थांबलं, हात थोडा वर येऊ लागला. डॉक्टरांनी बजावलं होतं की याच्यापुढे भट्टीच्या आसपासही जायचं नाही. धाकूनं तेव्हा मान डोलावली. पण ज्या दिवशी नवी भट्टी पहिल्यांदा लागणार होती, त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून, नारळ घेऊन गाळ्याच्या फाटकात हजर.

दक्षता मास्क लावून बाहेर आली.

"बाबा, नारळ फोड. पण आत यायचं नाय."

"नुसता बघतो. दारातून."

"दारातून पण नाय."

"मी उभा केला धंदा. तू मना दाराभायेर उभा करतंस?"

रस्त्यावरचे दोघे-चौघे बघायला लागले. दक्षता फाटकातून हलली नाही. "हो," ती म्हणाली. "करते."

धाकूनं नारळ तिथेच फाटकाच्या कठड्यावर ठेवला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन पाठ फिरवून बसला.

आत शिवरामही मास्क लावून जाळ सांभाळत होता. काचेच्या पडद्याआडून दक्षता वाटीकडे बघत होती. रंग पळायला लागले. आता, असं तिला दोनदा वाटलं आणि दोनदा ती थांबली. रंग थांबले, चांदी लख्ख झाली, तरीही खात्री करण्यासाठी ती थोडी आणखी थांबली. कमलेश शेठनं टंच काढून सांगितलं, "एकदम शुद्ध. पण वजनात मार खाल्लास. जरा जास्त ठेवलंस आगीवर."

"माहितेय," दक्षता म्हणाली. "होईल सवय."

धाकू पंधरवडाभर तिच्याशी बोलला नाही. नंतर एकदा जेवताना त्यानं विचारलं, वाटीला राख कुठली घेतेस. तिनं सांगितलं. "बारीक चाळून घे," तो म्हणाला. पुन्हा रोजचं बोलणं सुरू झालं. गाळ्यावर यायचं मात्र त्यानं नाव काढलं नाही.

वस्तीतली शेड पाडून तिथली वीतभर माती उकरून नेली आणि वर लादी घातली. चंद्रभागा आता जवळा सुकत घालत नाही. बाजारातून कोळंबी घेते आणि ताजीच विकते. काही बायका घेतात, काही तिच्या पाटीपुढून निघून जातात. ती कुणाला हाक मारत नाही.

शिवानीच्या मुलीला दर काही महिन्यांनी तपासणीला ठाण्याला न्यावं लागतं. पहिल्या वेळेला दक्षता रिक्षा घेऊन दारात उभी राहिली. शिवानी मुलीला घेऊन बसली, जाताना आणि येताना एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या वेळेलाही तसंच. शिसं उतरत होतं, हळूहळू, पण उतरत होतं. मुलगी जेवायला लागली होती, बडबडायला लागली होती. दक्षताच्या मांडीवर चढून रिक्षाचा आरसा कसा फिरवायचा ते विचारायची.

तिसऱ्या तपासणीहून परत येताना शिवानी रिक्षातून उतरली, मुलीला खाली उतरवलं आणि न वळताच म्हणाली, "पुढच्या वेळी सकाळी लवकर निघूया. दुपारी गर्दी असते तिथे."

"चालेल," दक्षता म्हणाली.