जिभेपर्यंत न पोचलेलं

ओतार दारूनं भरलेलं शिंग घेऊन उभा राहिला आणि त्याला समोर दोन दोन गुराम दिसले. व्याही तर एकच होता, तेलावीहून मुलाला घेऊन सोयरीक पक्की करायला आलेला. ओतारची लेक एतेरी त्या मुलाशेजारी लाजून बसली होती.

ओतार आज तमादा. म्हणजे शुभेच्छा द्यायचा मान त्याचा, तो बोलला की सगळ्यांनी ऐकायचं. आणि नेमकी त्याचीच जीभ लुळी पडावी! सकाळपासून घशाला कोरड होती, पापण्या मिटत होत्या. जागरण झालं असेल म्हणून त्यानं काणाडोळा केला होता. आता मात्र त्याला लक्षणं ओळखू आली. उभा जन्म त्यानं शाळेत शिकवलं होतं: मज्जातंतूतून निरोप धावत येतो, टोकाशी रसायनाचा इवला थेंब सुटतो आणि त्या थेंबानं स्नायू हलतो. हवाबंद बरणीत बिघडलेल्या अन्नातलं विष तो थेंबच सुटू देत नाही. डोकं शाबूत राहतं, अंग ऐकत नाही. काल त्यानं एकट्यानंच वांग्यांची बरणी उघडून चव पाहिली होती.

तेवढ्यात बायको, लामारा, तीच वांगी ताटात मांडून घेऊन आली.

"घ्या ना गुरामभाऊ, संकोच कसला! सगळ्या बरण्या एकाच दिवशी, माझ्या हातानं भरल्यायत."

"न... खा..." ओतारच्या तोंडून नुसती लाळ गळली.

"अगंबाई, पहिल्याच प्याल्याला?" लामारा हसली, पण नजरेनं त्याला भाजून काढत होती. "तळघरात सकाळीच हजेरी लावलेली दिसतेय!"

"चढली बुवा व्याह्यांना!" गुराम म्हणाला आणि जमलेले शेजारीपाजारी सगळे खो खो हसले.

एतेरीनं फोड उचलली. ओतारनं उरलंसुरलं बळ एकवटून टेबलावरची चादर दोन्ही मुठींत धरली आणि ओढली. ताटं, सुरया, वांगी, सगळं जमिनीवर.

कुणी हसलं नाही. गुरामनं विजारीवरची दारू झटकली. "मांडलेलं ताट आमच्याकडे वैरीसुद्धा उलथवत नाही," एवढंच बोलून तो मुलाला घेऊन निघाला. शेजाऱ्यांनी ओतारला बखोटीला धरून मागच्या खोलीत आडवं केलं आणि दार ओढून घेतलं. पोरीचं रडणं त्याला स्वच्छ ऐकू येत होतं. हात उचलेना. श्वास तोकडा पडू लागला. पण कुणाच्या पोटात ते वांगं गेलं नव्हतं. जीव गेला तरी चालेल, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

बऱ्याच वेळानं लामारा आली आणि त्याचे बूट काढू लागली.

"जनाची नाही, मनाची तरी ठेवायचीत! फाटकापर्यंत धावले मी. हात जोडले त्यांच्यापुढे. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं हो पाहुण्याला? वांग्यांची शेवटची बरणी ठेवली गाडीत बसलेल्या गुरामभाऊंच्या मांडीवर. तेव्हा कुठे हसले बिचारे. म्हणाले, वहिनी, घरी पोचलो की आधी हीच उघडतो, सगळ्यांना वाढतो."

ओतार ओरडला. जिवाच्या आकांतानं ओरडला. त्याच्या ओठाची कडसुद्धा हलली नाही.

"झोपा आता. उतरेल संध्याकाळपर्यंत," असं म्हणून लामारानं पांघरूण त्याच्या हनुवटीपर्यंत ओढलं आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.