दानम्माचा सोमवार

“नंद्याचं पानी तापलं का गं?”

गोठ्यातून सासऱ्यांचा आवाज आला तेव्हा दानम्मा नुकती कुठं उंबऱ्यावर टेकली होती. हातात चहाचा कप होता, कपातून वाफ निघत होती, आणि आजचा चहा गरम असतानाच पिऊन संपवायचा असं तिनं रात्रीच ठरवून ठेवलं होतं. यात हसण्यासारखं काही नाही. जी बाई पहाटे चुलीपुढं बसते ती थेट दुपारी उठते, तिच्या चहाला कोण विचारतो?

“तापतंय की, मामा,” ती म्हणाली. कप उंबऱ्यावर ठेवून उठली.

नंद्या म्हणजे बैल. वळसंगातल्या या घरी एके काळी दोन बैलजोड्या होत्या. आता भाड्याचा ट्रॅक्टर येतो, नांगरून-पेरून जातो, आणि दावणीला एकटा नंद्या उरला आहे. म्हातारा, एका डोळ्यानं अधू, दिवसभर बसून रवंथ करणारा. तरीही सोमवारी त्याला सुट्टी असते. सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीदेवाचा, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, ही घरची जुनी रीत. ज्याच्या मानेला कित्येक वर्षांत जू लागलेलं नाही त्याला दर सोमवारी रीतसर विश्रांती दिली जाते. सासरे बसलिंगप्पा त्याला कोमट पाण्यानं अंघोळ घालतात, शिंगांना तेल लावतात, कपाळावर विभूती ओढतात आणि ताजी भाकरी गुळाबरोबर आपल्या हातानं चारतात. पाणी दानम्मा तापवते. शेण दानम्मा काढते. भाकरीही तिनंच थापायची. थोडक्यात, बैलाच्या सुट्टीला दानम्मा कामाला.

आज मात्र तिचीही सुट्टी होती, आणि ती फुकट मिळालेली नव्हती. गावातल्या बऱ्याच बायका सोलापूरच्या एका व्यापाऱ्यासाठी कडक भाकऱ्या करतात. पापडासारख्या पातळ थापायच्या, भाजायच्या, पुन्हा निखाऱ्यावर कडक करायच्या. दुपारी टेम्पो येतो आणि घेऊन जातो. शेठला आठवडा म्हणजे सातही दिवस. सोलापूरहून मीनाबाई यायच्या, बायकांच्या संघटनेचं काम करणाऱ्या. त्यांनी बायकांना गोळा केलं, शेठच्या दुकानापुढं बसवलं, आणि कितीतरी महिने घासाघीस केल्यावर शेठ आठवड्याला एक दिवस सुट्टीला कबूल झाला. कुठला वार, असं विचारल्यावर सगळ्याजणी एकमेकींकडं बघत राहिल्या. दानम्माच पटकन बोलून गेली, “सोमवार.”

पाणी देऊन, शेण काढून ती उंबऱ्याकडं आली तेव्हा चहावर साय धरली होती, आणि तिथं गुरुशांत उभा होता. तिचा नवरा.

“आज मोकळीच हायस की,” तो खुशीत म्हणाला. “बियान्याच्या शेंगा फोडायच्या राहिल्यात. घे आजच उरकून.”

“आज सुट्टी हाय माजी.”

“म्हनून तर म्हनतोय. रोज कुटं येळ असतोय तुला? आनि शेंगाच तर फोडायच्यात. बसूनच तर करायचंय!”

बसूनच तर करायचंय. दानम्माला वाटलं, हा कप घ्यावा आणि समोरच्या भिंतीवर आपटावा. पण कप तिनंच धुवायचा होता आणि भिंतही तिलाच सारवावी लागली असती. तिनं शेंगांचं पोतं ओढलं. शेंगा फोडता फोडता मध्येच डाळ शिजवली, पाहुणा आला त्याला चहा दिला, गोधड्या धुतल्या, कारण पुढच्या सोमवारपर्यंत मोकळा दिवस मिळणार नव्हता. संध्याकाळी अंगठ्याचं नख उललं होतं. रविवारी थकायची त्याहून ती जास्त थकली होती.

त्या आठवड्यात मीनाबाई आल्या तेव्हा दानम्मानं त्यांना टेम्पोपाशीच गाठलं.

“ताई, शेठनं दिलेली सुट्टी घरच्यांनी खाल्ली.”

मीनाबाई मोठ्यानं हसल्या. मग त्यांचं हसू जरा उतरलं. “माझ्याकडं तरी काय वेगळं आहे? बाईच्या कष्टावर तास-तासभर भाषण करून घरी जाते, तर मोरीत भांडी माझी वाट बघत बसलेली असतात. मिस्टर म्हणतात, भाषण छान झालं म्हणे.”

“मंग काय करावं?”

“शेठच्या दारात घोषणा देता येते गं. चुलीपुढं कुणाच्या नावानं द्यायची?”

दानम्माला राग आला. एवढी शिकलेली, एवढी बोलणारी बाई, आणि हिच्याकडंही औषध नाही! मग ते ‘घरचं काम हे पण काम’ कशाला घोकून घेतलं आमच्याकडून? पण मीनाबाईंचे डोळे थकलेले होते. दानम्मानं त्यांच्या पिशवीत मूठभर शेंगा टाकल्या आणि ती घरी आली.

घरी सगळ्यांना सुट्टी कळत होती, हे विशेष. थोरला सिद्धू चिंचोळीच्या कारखान्यात कामाला. त्याची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी तो उन्हं वर येईपर्यंत झोपायचा, आणि कुणी भांडं वाजवलं तर गुरुशांत दबक्या आवाजात खेकसायचा, “पोरगं दमून आलंय, दिसत न्हाय का?” दानम्मालाही ते पटायचं. ती पाय न वाजवता चालायची.

रविवारी रात्री जेवणं चालली होती. बाप, मुलगा आणि पोरांचा मुत्त्या, म्हणजे आजा, ताटावर. दानम्मा वाढत होती. धाकटी सिद्धेश्वरी कोपऱ्यात भूमितीचं पुस्तक घेऊन पुटपुटत होती. ती दहावीला. दुसऱ्या दिवशी तिची सराव परीक्षा सुरू होणार होती.

“उद्या माजा सोमवार हाय,” दानम्मा म्हणाली.

“सोमवार सगळ्यांचाच असतोय,” गुरुशांत म्हणाला.

“नंद्याचा असतोय तसा. उद्या मी कायबी करनार न्हाय.”

हात थांबले.

“बरं वाटंना का तुला?” गुरुशांतनं विचारलं. “सोलापूरला दाखवून येऊ.”

“मला काय धाड भरलीया? चांगली हाय मी.”

“मंग कुटं जायचंय? आईकडं?”

“कुटंबी न्हाय.”

“मंग सुट्टी कशाला?”

आता या माणसाला काय सांगावं! दुखणं असलं तर चालतं, माहेर असलं तर चालतं, देव असला तर फारच चालतं. नुसतं बसायचं म्हटलं की कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

“तू नंद्याचं नाव घिऊ नगंस,” बसलिंगप्पा दुखावून म्हणाले. “त्यो देव हाय. बसवन्ना.”

“व्हय मामा, देव हाय. पन देव काम करत न्हाय तरी सुट्टी घेतो. मी करून मागतीया.”

सिद्धूला हसू आलं, ते त्यानं भाकरीत दाबलं. गुरुशांतनं ताटात हात धुतला, ढेकर दिली आणि म्हणाला, “बरं बाई. घे. दिली तुला सुट्टी. हूं म्हनून हाक मारनार न्हाय कुनी.”

एवढ्या सहज मिळालं तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. पण आनंद झाला की माणसाला शंका येत नाही. ती भिंतीकडं तोंड करून झोपली ती जन्मात झोपली नव्हती अशी झोपली.

जाग आली तेव्हा डोळ्यांवर ऊन होतं. आणि कानावर थाप पडत होती. थप, थप, थप, मग परात फिरल्याची घसट, पुन्हा थप, थप. दानम्मा पडल्या पडल्या ऐकत राहिली. हा आवाज तिनं आयुष्यभर केला होता, गोधडीतून कधी ऐकला नव्हता. किती छान वाटतो लांबून! शेजारची बाळाबाई लवकर लागलेली दिसते, असं तिच्या मनात आलं, आणि मग ती ताडकन उठून बसली. बाळाबाईचीही आज सुट्टी होती.

मागच्या चुलीपुढं सिद्धेश्वरी बसली होती. अंगात शाळेचा ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली, हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. धुरानं डोळे लाल झाले होते.

“पेपर?” दानम्माच्या तोंडून एवढंच निघालं.

“अप्पा म्हनले, सराव परीक्षाच हाय, खरी न्हाय.” पोरीनं मान वर केली नाही. “म्हनले, आईला सुट्टी दिलीया तर तू कर. दादाचा डबा दिला. नंद्याची न् मुत्त्याची ऱ्हायलीया. तू झोप की अव्वा, मी उठवलं न्हाय तुला मुद्दाम.”

तव्यावर भाकरी टम्म फुगली होती. गोल, पातळ, कडेला कुठं चीर नाही. दानम्माला असली भाकरी जमायला लग्नानंतर वर्षं लागली होती. पोरीला कुणी शिकवलं नव्हतं, नुसतं बघून बघून हाताला आलं होतं. दुसऱ्या कुणा बाईनं बघितली असती तर कौतुक केलं असतं, नशीब काढलंस म्हणाली असती. 

दानम्मानं भाकरी उतरवली, चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि तांब्याभर पाणी त्यांच्यावर ओतलं. भस्सकन राख उडाली.

“पेटत्या चुलीत पानी वततीस?” गोठ्यातून बसलिंगप्पा ओरडले. “सोमवारी?”

“सोमवारीच.”

तिनं पोरीचे हात घाईघाईनं पाण्यात बुचकळले, दप्तर खांद्यावर टाकलं, आणि दोघी गावातून पळत सुटल्या. शाळेच्या फाटकात गुरुजी म्हणाले, “परीक्षेला ही वेळ असते का हो? अर्धा पेपर झाला की!” दानम्मा म्हणाली, “चूक माजी हाय. मी झोपले हुते.” म्हणताना तिचं तिलाच पटेना, पण वाद घालायला वेळ नव्हता. पोरगी आत गेली.

घरी आली तर गुरुशांत चुलीपुढं कमरेवर हात ठेवून उभा. परातीत मळलेलं पीठ तसंच पडलं होतं.

“ह्ये काय? सुट्टी दिली हुती की तुला!”

“माजी सुट्टी तुमी तिच्या मानंवर ठिवली.”

“मंग घरातलं करायचं कुनी? बाईनंच करावं लागतंय न्हवं!”

“बाई सोडून तिघं हायत घरात.”

“तिघं?” त्यानं खरोखर मोजल्यासारखं इकडंतिकडं पाहिलं. मग काहीतरी पुटपुटत चप्पल सरकवली आणि तो स्टँडवर भजी खायला गेला.

दानम्मा गोठ्याजवळच्या लिंबाखाली जाऊन बसली. बसणं अवघड असतं हे तिला आज कळलं. परात खुणावत होती. पीठ सुकून कडेला पांढरं पडत चाललं होतं, माश्या बसत होत्या, आणि तिचे हात आपोआप मांडीवरून उठत होते. तिनं ते पदरात गुंडाळून धरले. म्हातारा उपाशी आहे, हे आठवून जीव कासावीस झाला. शेवटी ती बसल्या जागेवरून म्हणाली, “मामा, तव्यापाशी भाकरी हाय एक. पोरीनं केलेली. चटनी फडताळात.”

बसलिंगप्पा आत गेले. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले. ऐंशीच्या घरातला माणूस, जन्म याच घरात गेलेला, आणि त्याला चटणीचा डबा सापडत नव्हता. ती दात आवळून बसून राहिली. शेवटी बसलिंगप्पा नुसती भाकरी घेऊन बाहेर आले. तिच्याकडं न बघता त्यांनी भाकरी मोडली, अर्धी रीतीप्रमाणं नंद्याच्या तोंडात दिली, आणि उरलेली कोरडीच चावत उभे राहिले. तू खाल्लंस का, असं काही त्यांनी विचारलं नाही. नंद्यानं मात्र भाकरी संपल्यावर तिचा पदर हुंगून बघितला.

ऊन कलल्यावर सिद्धेश्वरी आली. पेपर कसा गेला ते दानम्मानं विचारलं नाही. पोरीच्या चेहऱ्यावरून कळलं. दारात सकाळचीच परात होती, पीठ कडक होऊन तडकलेलं. दप्तर खांद्यावर तसंच ठेवून सिद्धेश्वरी वाकली आणि तिनं परात उचलली.

“ठेव ती,” दानम्मा म्हणाली.

“वाळलंय गं अव्वा. मंग घासून निघायचं न्हाय.”

“ठेव म्हनते न्हवं. आज सोमवार हाय.”

पोरीनं शिवाराकडं बघितलं. ज्वारीच्या कणसांवरचं ऊन निघून चाललं होतं. “सोमवार सरत आला की.”

“सरू दे. तवर बस.”

सिद्धेश्वरीनं परात खाली ठेवली आणि दप्तर मांडीवर घेऊन ती आईला खेटून बसली. तिच्या मनगटावर सकाळचं पीठ वाळून चिकटलेलं होतं. त्याच हातानं तिनं अर्धा पेपर लिहिला होता. दानम्मानं तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि उललेल्या नखानं ते पीठ हळूहळू खरवडू लागली.