दोन ठोके

यादोराव चौथ्यांदा मेला तेव्हा चैतरामला इतकं हसू आलं, की तोंडातला खर्रा उडून लॅपटॉपवर पडला.

प्रेरणाने पडदा पुसला. कुडव्यातल्या आपल्या खोलीत वर्षभर खपून तिने हा खेळ बनवला होता. जुन्या व्हिडिओगेमसारखी ठोकळ्यांची माणसं, ठोकळ्यांचं जंगल, सगळा मिळून वीस मिनिटांचा जीव. साल शहात्तर, आणीबाणी. डफडं वाजतं, नसबंदीची जीप येते, आणि खेळणाऱ्याने लपायचं. सापडला की पडदा पांढरा होतो आणि कात्रीचा आवाज येतो. गोष्ट तिच्या आजोबांची, चैतरामची. तो तेव्हा चिचगडपलीकडच्या त्यांच्या गावचा कोतवाल होता, दवंडीचं डफडं त्याच्याच गळ्यात. खेळून बघायला त्याने यादोरावला गावाहून बोलावलं, कारण खरोखर सापडलेल्यांपैकी तो एकटाच उरला होता.

चैतरामची कथा अख्ख्या तालुक्याला पाठ. जीप नाल्यापाशी दिसली की तो डफड्यावर दोन ठोके द्यायचा, गाव सावध व्हायचं, आणि स्वतः तो मोहाच्या झाडावर अस्वलाशेजारी तीन दिवस काढायचा. अस्वल दर सांगण्यात थोडं वाढत गेलं होतं. पण गाव ते ठोके विसरलं नाही. धान निघालं की घरटी एक पायली कोतवालाकडे पोचायची. पहिली यादोरावची. आजही तो पिशवी घेऊनच आला होता.

यादोराव सापडला तो एकोणिसाव्या वर्षी, लग्नाआधी. धानाच्या ढोलीत उतरून वरून झाकण ओढून बसला होता. जीप सरळ ढोलीपाशीच थांबली. कात्री लागायच्या आधीच निसटलो, असं त्याने परतल्यावर गावात सांगितलं. पुढे रुख्माबाई घरात आली. गावाने तिला वांझ म्हटलं, उपास करायला लावले, हळदीकुंकवाला मागे बसवलं. आणि हा गप्प राहिला. ती मेली तरी गप्पच. ढोली कोणी दाखवली, एवढं मरायच्या आधी कळावं, हीच त्याची एक इच्छा होती. या संशयापायी त्याने दोन चुलतभावांशी बोलणं तोडलं होतं.

"दादा, हे जीप ढोलीत बी पायते काय?" त्याने विचारलं, आणि पाचव्यांदा सापडला.

"तुह्यानं नाही होत बे. सरक, मी दाखवतो."

चैतराम पुढे सरकला. डफडं वाजलं. पडद्यावरची माणसं सैरावैरा पळाली. चैतरामचा माणूस चौकात उभाच.

"आबाजी, पळा ना," प्रेरणा म्हणाली.

"कायले पळू? पळणाराच दिसते. डफडं वाजलं का कोण कुठं घुसते, थे सारं चौकातून दिसते."

जीप आली. चौकातल्या माणसाला वळसा घालून एकेका दारापुढे थांबत गेली. मग अक्षरं उमटली: तू वाचलास.

प्रेरणा खूश झाली. उभं राहून आजवर कोणी खेळलंच नव्हतं, म्हणाली.

चैतराम हसायला गेला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. यादोराव त्याच्याकडे बघत नव्हता. तो प्रेरणाकडे बघत होता; तिच्या कपाळाकडे, आजोबांसारख्याच रुंद नाकाकडे.

"साहेब दर खेपेला माह्याकडं दहा माणसं मागे," चैतराम भिंतीला म्हणाला. "नाही तं माहीच पाळी होती."

यादोरावने पिशवीची गाठ सोडली. मूठभर धान तळहातावर घेतलं, फुंकर मारली, परत आत टाकलं.

"रुख्मा दोनदा पाखडे," तो म्हणाला. "कोतवालाच्या दाताखाली खडा नको म्हणे."

मग त्याने पिशवी चैतरामच्याच पायाशी ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

"लाव पोरी, पुन्हा. आवाज मोठा कर."

डफडं वाजलं. दोन ठोके. चैतराम पाण्याचं निमित्त करून उठू लागला. यादोरावने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. जड नाही, नुसता ठेवला.

"बस चैत्या," तो म्हणाला. "पळणाराच दिसते."